डे ला सोलचा पहिला अल्बम ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम नेमका कोणता?

डे ला सोल या तिघांच्या अमेरिकी रॅप गटाचा हा पहिला अल्बम. न्यूयॉर्कच्या टॉमी बॉय रेकॉर्ड्सनं तो ३ मार्च १९८९ रोजी काढला. सीडीवर २४ ट्रॅक आहेत आणि एकूण वेळ तासाभराच्या थोडा पुढे जातो. सगळेच ट्रॅक गाणी नाहीत. काही जेमतेम मिनिटभराचे आहेत, आणि काहींना चाळे म्हणणंच बरोबर होईल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला रेडिओचा काटा कुणीतरी सारखा फिरवतंय असं वाटतं. ते तसं वाटावं हीच बनवणाऱ्यांची इच्छा होती.

तिघे कोण? आणि नावं अशी विचित्र का?

केल्विन मर्सर, डेव्हिड जोलिकूर आणि व्हिन्सेंट मेसन. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड आहे, तिथल्या अ‍ॅमिटीव्हिलचे हे शाळासोबती. (हो, भुताच्या सिनेमांतलं तेच अ‍ॅमिटीव्हिल. या पोरांचा त्या भुताशी काही संबंध नाही.)

मर्सर स्वतःला पॉसडनूस म्हणवतो. डीजे म्हणून त्याचं जुनं नाव ‘साउंड सॉप’ होतं, त्याचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की पॉसडनूस होतं. जोलिकूर झाला ट्रूगॉय, म्हणजे ‘योगर्ट’चं स्पेलिंग उलटं, दही आवडायचं म्हणून. इतर रॅपर नावातूनच दरारा बसवायच्या मागे असताना हा गडी दह्याचं नाव लावून उभा राहिला. मेसनचं त्या मानानं साधं, मेस किंवा मेसिओ. शिवाय ‘प्लग वन’, ‘प्लग टू’, ‘प्लग थ्री’ अशीही नावं आहेत. कुणाचा माइक कुठल्या प्लगला जोडलाय त्यावरून ती पडली.

प्रिन्स पॉल हे नाव सारखं येतं. तो गटात होता का?

कागदोपत्री नाही. पण या अल्बमपुरता तो चौथा भिडूच धरावा. खरं नाव पॉल ह्यूस्टन, तोही अ‍ॅमिटीव्हिलचा, आणि तेव्हा स्टेट्सासॉनिक या गटाचा डीजे. तिघांनी ‘प्लग ट्यूनिन’ या गाण्याचा घरगुती डेमो केला होता. पॉलनं तो ऐकला, त्यात भर घातली आणि त्या जोरावर टॉमी बॉयशी करार झाला. मग मॅनहॅटनमधल्या कॅलिओपी स्टुडिओत काम सुरू झालं. तिघांनी नुकतीच विशी गाठलेली किंवा गाठायची होती, आणि पॉल त्यांच्याहून दोनतीन वर्षांनीच मोठा. ‘असं करायचं नसतं’ हे सांगायला खोलीत वडीलधारं कुणीच नव्हतं, हे अल्बम ऐकताना पदोपदी जाणवतं.

‘अल्टरनेटिव्ह हिप हॉप’ म्हणजे कशाला पर्याय?

हे लेबल पुढे समीक्षकांनी लावलं. १९८८ मध्ये पब्लिक एनिमी आणि एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटांच्या अल्बमांनी रॅपचा आवाज चढवला होता. एकात राजकीय संताप होता, दुसऱ्यात लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनची रस्त्यावरची भाषा. बाकी बहुतेक रॅप म्हणजे मी किती भारी, माझी साखळी किती जाड. त्यात ही तीन पोरं सैल, रंगीत शर्ट घालून आली. गळ्यात सोन्याऐवजी चामड्याची पदकं. बोलायचे ते साबण लावून आंघोळ करण्याबद्दल, मगरीबद्दल, खारीबद्दल.

पण एक गैरसमज काढून टाकायला हवा. हे पब्लिक एनिमीच्या विरुद्ध टोकाचे लोक नव्हते. पब्लिक एनिमीही लाँग आयलंडचे, रॅपर रकीम आणि ईपीएमडी हा गटसुद्धा तिथलाच. शहरातल्या गजबजाटातून उठून अंगण असलेल्या घरात राहायला गेलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ही पिढी. घरात आईवडिलांच्या रेकॉर्डींचा ढीग आणि दुपारी त्या उलटसुलट वाजवून बघायला वेळ. हा अल्बम त्या ढिगातून निघाला. पुढे त्याला जे भोगावं लागलं तेही त्या ढिगामुळेच.

नावाचा अर्थ काय?

‘तीन फूट उंच आणि चढतंय’. काय चढतंय? पुराचं पाणी. जॉनी कॅश या कंट्री गायकाचं १९५९ चं एक गाणं आहे. अर्कान्सामध्ये १९३७ साली त्यानं लहानपणी पाहिलेल्या पुरावर ते बेतलंय. पाणी किती आलं असं विचारायचं आणि उत्तरात एकेक फूट वाढवत न्यायचं, अशी त्याची रचना. कृष्णेच्या किंवा पंचगंगेच्या काठी पावसाळा काढलेल्या माणसाला ही प्रश्नोत्तरं समजावून सांगायला नकोत.

या पोरांनी त्या गाण्यातला एक तुकडा उचलून ‘द मॅजिक नंबर’मध्ये डकवला आणि अल्बमला नावही त्याचंच दिलं. ‘द मॅजिक नंबर’चं मूळ आणखी तिसरीकडे. अमेरिकी मुलांना टीव्हीवरून पाढे शिकवणारी गाणी लागायची, त्यातलं तीन या आकड्यावरचं गाणं बॉब डरो या जॅझ संगीतकाराचं. गोऱ्या कंट्री गायकाचा पूर आणि मुलांचा तीनचा पाढा, दोन्ही एकाच गाण्यात, आणि खाली दणदणीत ड्रम. ऐकताना सांधा दिसत नाही.

सॅम्पलिंग म्हणजे शेवटी चोरीच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्यानं उत्तर आधीच ठरवलेलं असतं. तरी सांगतो.

घरची गोधडी आठवा. आजीचं लुगडं, आत्याची विटलेली साडी, कुणाचा तरी शर्ट. एकही कापड आजीनं विणलेलं नसतं. पण कुठला तुकडा कुठल्याशेजारी लावायचा, टाका किती घट्ट घ्यायचा, हे तिचं. सॅम्पलिंगचं काम याच जातीचं. जुन्या रेकॉर्डमधला दोन ओळींचा ठेका, एखादी शीळ, एखादा शब्द सॅम्पलर नावाच्या यंत्रात भरायचा आणि त्याचं आवर्तन करून त्यावर नवं गाणं उभं करायचं. त्या काळच्या सॅम्पलरमध्ये काही सेकंदांचाच आवाज मावायचा. शिवाय तुकड्याचा वेग कमी केला की त्याची पट्टीही खाली यायची. दोन वेगळ्या रेकॉर्डी एका सुरात बसवणं म्हणजे तासन्‌तास कानांची परीक्षा.

‘आय नो’ ऐका. त्यात स्टीली डॅन या बँडच्या ‘पेग’मधली ओळ आहे आणि ओटिस रेडिंगची ती प्रसिद्ध शीळ. स्टीली डॅन म्हणजे स्टुडिओत महिनोन्‌महिने घासूनपुसून केलेलं गुळगुळीत काम, आणि रेडिंगचं समुद्रकाठचं गाणं विमान अपघातात तो गेल्यानंतर प्रसिद्ध झालेलं. या दोघांची गाठ प्रत्यक्षात पडायचं कारणच नव्हतं. इथे ते मिळून एका लाजऱ्या पोराच्या प्रेमगीताला साथ करतात. ‘मी मायसेल्फ अँड आय’खाली फंकाडेलिक, ‘से नो गो’खाली हॉल अँड ओट्स, ‘पॉटहोल्स इन माय लॉन’मध्ये तर पार्लमेंट नावाच्या बँडच्या गाण्यातला योडलिंगचा, म्हणजे गळा झटक्यानं वरखाली करत गाण्याचा, आवाज. ‘कूल ब्रीझ ऑन द रॉक्स’ मिनिटभराचंही नाही, आणि ‘रॉक’ हा शब्द येणाऱ्या रेकॉर्डींचे तुकडे सुटी चिल्लर मोजावी तसे त्यात एकामागून एक पडत जातात.

आता पैशाचं. ज्याचा तुकडा घेतला त्याला मोबदला मिळायला हवा, यात वाद नाही. पण मोबदला बुडवणं ही एक गोष्ट आणि कलाच बनावट ठरवणं ही दुसरी. माझं भांडण दुसरीशी आहे.

गाण्यांच्या मध्ये तो क्विझचा कार्यक्रम कशाला?

अल्बम सुरूच होतो टीव्हीवरच्या गेम शोनं. सूत्रधार चार स्पर्धकांना प्रश्न विचारतो: कोंबडीला पिसं किती? बॅटमनच्या बॅटमोबिल गाडीचं टायर किती वेळा पंक्चर झालं? उत्तर कुणाला येणार! मग गाणी सुरू होतात आणि मधूनमधून हा शो परत डोकावतो.

याला स्किट म्हणतात. हिप हॉप अल्बममध्ये स्किटची प्रथा पाडण्याचं श्रेय साधारणपणे याच अल्बमला आणि प्रिन्स पॉलला दिलं जातं. पुढे दहापंधरा वर्षं प्रत्येक रॅपरनं आपल्या अल्बमात स्किट कोंबले, आणि त्यातले बहुतेक दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत, हेही खरंच. इथे ते चालतात, कारण त्यांचं काम तमाशातल्या बतावणीचं आहे. गाण्याचा ताण मोडायचा, प्रेक्षकाला हसवत ठेवायचं आणि पुढच्या गाण्याला मोकळी जागा करून द्यायची.

मुखपृष्ठावर फुलं आहेत. हे हिप्पी होते का?

नाही. आणि या प्रश्नाचा त्यांना पुढे इतका वैताग आला की दुसरा अल्बमच त्यावर बेतला.

झालं असं. त्यांच्या गाण्यांत ‘डेझी एज’ हा शब्द येतो. डेझी हे एका फुलाचं नाव, पण इथली डेझी म्हणजे ‘डा इनर साउंड, यॉल’ या शब्दांचं लघुरूप, साध्या मराठीत ‘आतला आवाज, मंडळी’. लंडनच्या ग्रे ऑर्गनायझेशन या कलाकारांच्या गटानं मुखपृष्ठ केलं तेव्हा त्यांनी डोळे दिपवणारा पिवळा रंग घेतला, त्यावर फुलं काढली आणि मध्ये तिघांचे चेहरे. साखळ्या आणि महागड्या गाड्यांच्या मुखपृष्ठांत ते उठून दिसलं. पण पत्रकारांनी फुलं पाहिली, गाणी अर्धवट ऐकली आणि शिक्का मारून टाकला.

नीट ऐकलं तर ‘घेटो थँग’मध्ये वस्तीतलं दारिद्र्य आहे, लहान वयात आई झालेल्या मुली आहेत. ‘से नो गो’ क्रॅक कोकेनवर आहे, आणि त्याची सुरुवात व्यसनाच्या घरात जन्मलेल्या बाळापासून होते. क्रॅकनं न्यूयॉर्कमधल्या वस्त्या पोखरल्या तो हाच काळ. एवढा जड विषय हॉल अँड ओट्सच्या नाचायला लावणाऱ्या चालीवर बसवणं हा धीटपणा आहे, फुलंबिलं नंतर.

‘मी मायसेल्फ अँड आय’ हेच त्यांचं सर्वात मोठं गाणं का? आणि त्यांना ते आवडत नाही म्हणतात, ते खरं?

दोन्ही खरं. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-मासिकाच्या आर अँड बी यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, मुख्य हॉट १०० यादीत ३४ पर्यंत. अल्बम तयार होत आला तेव्हा लेबलला, म्हणजे रेकॉर्ड कंपनीला, रेडिओवर चालेल असं एक गाणं हवं होतं, म्हणून ते केलं गेलं. त्यातही खोडी आहेच. बोलण्याची लय त्यांनी मित्रांच्या, म्हणजे जंगल ब्रदर्सच्या, ‘ब्लॅक इज ब्लॅक’ या गाण्यावरून मुद्दाम उचलली. शब्द सरळ आहेत: मी जसा आहे तसा आहे, कपड्यांवरून मला जोखू नका. व्हिडिओत शाळेचा वर्ग आहे आणि बाकीची मुलं या तिघांची टिंगल करतात. पुढे जगभर प्रत्येक कार्यक्रमात हेच गाणं मागितलं जाऊ लागलं, तेव्हा आपला कंटाळा त्यांनी स्टेजवर लपवला नाही.

‘बडी’मध्ये इतके आवाज कुणाचे?

जंगल ब्रदर्स आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा क्यू-टिप. या मित्रमंडळींनी स्वतःला ‘नेटिव्ह टंग्स’ म्हणवलं. रीमिक्समध्ये क्वीन लतीफा आणि मोनी लव्हही आहेत. गाणं वात्रट आहे. ‘बडी’ म्हणजे मित्र असं घरच्यांना सांगून वेळ मारून नेता येते.

रॅपमधलं इंग्रजी झेपत नाही. तरी ऐकावं का?

ऐकावं. खुद्द अमेरिकेतही १९८९ मध्ये यांचे शब्द निम्म्या लोकांना कळत नव्हते, कारण अर्धी बोली त्यांनी आपसातच घडवलेली. ‘पॉटहोल्स इन माय लॉन’ म्हणजे ‘माझ्या हिरवळीत खड्डे’. तिथे खड्डे म्हणजे आपल्या ओळी चोरणाऱ्यांनी उकरून नेलेली जागा. हे सांगितल्याशिवाय कळणं अवघडच. याउलट ‘ट्रेड वॉटर’ पहिल्या ऐकण्यातच समजतं. मगर, खार, मासा आणि माकड एकेक करून भेटतात आणि नाकातोंडात पाणी जाऊ न देता तरंगत कसं राहायचं ते सांगतात. पंचतंत्र वाचून वाढलेल्यांना इथे ओळखीचं वाटेल.

टर्टल्सचा खटला काय होता?

अल्बममध्ये ‘ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स’ नावाचा मिनिटाहून थोडा मोठा तुकडा आहे. त्यात कुणी रॅप करत नाही. फ्रेंच शिकवणाऱ्या रेकॉर्डवरचे आवाज किती वाजले वगैरे विचारत असतात आणि खाली टर्टल्स या साठच्या दशकातल्या बँडच्या ‘यू शोड मी’चा ठेका मंद वेगात फिरत असतो. एवढंच.

टर्टल्सच्या दोन सदस्यांनी परवानगी घेतली नाही म्हणून दावा लावला. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. किती रकमेला, यावर दोन्हीकडची माणसं वेगवेगळं सांगत आली, म्हणून तो आकडा इथे देत नाही. गंमत बघा: मोठ्या गाण्यांतल्या सॅम्पलवर बोंब झाली नाही, झाली ती कुणी फारसं लक्ष न देणाऱ्या मधल्या तुकड्यावर.

रॅपच्या जगाला कापरं भरलं ते मात्र दुसऱ्या एका निकालानं. डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्ध न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाचा निकाल आला. गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या एका गाण्याचा तुकडा त्यानं घेतला होता. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेनं केली आणि विक्री थांबवायला लावली. (बिझ मार्कीनं पुढच्या अल्बमचं नाव ठेवलं ‘ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!’.) तिथून पुढे प्रत्येक तुकड्यामागे आधी वकील, मग पैसे, मग गाणं. एका गाण्यात चारपाच रेकॉर्डी वापरणं परवडेनासं झालं. बीस्टी बॉइज या रॅप गटाचा, असाच तुकड्यांनी भरलेला ‘पॉल्स बुटीक’ही १९८९ चाच. या दोन अल्बमांसारखा अल्बम आज कुणी करायला बसलं तर फक्त परवानग्यांच्या खर्चात लेबल बुडेल.

मग इतकी वर्षं तो ऑनलाइन का मिळत नव्हता?

कारण करार जुने होते. १९८९ च्या परवानग्यांत रेकॉर्ड आणि कॅसेटचा विचार होता. डाउनलोड किंवा स्ट्रीमिंग तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. टॉमी बॉयची जुनी गाणी २००२ मध्ये वॉर्नरकडे गेली आणि तिथे हा गुंता सोडवायला कुणी हात घालेना. स्ट्रीमिंगच्या काळात वाढलेल्या एका अख्ख्या पिढीला हा गट ठाऊक झाला तो गोरिलाझ या ब्रिटिश बँडच्या ‘फील गुड इंक’मधल्या त्या खदाखदा हसण्यामुळे. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं, पण डे ला सोलचा स्वतःचा पहिला अल्बम मात्र ऐकायला मिळेना. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २०१० च्या यादीत तो घेतला होता. म्हणजे देशाचा ठेवा, आणि दुकानात नाही!

१४ फेब्रुवारी २०१४ रोजी गटानं स्वतःच २५ तासांसाठी आपली जुनी गाणी चाहत्यांना फुकट डाउनलोड करू दिली. त्या दिवशी साइटवर अशी झुंबड उडाली की पान उघडेना. पुढे ती गाणी वॉर्नरकडून परत टॉमी बॉयकडे आली, आणि २०१९ मध्ये टॉमी बॉयनं अल्बम स्ट्रीमिंगवर आणायचं ठरवलं, पण कमाईतला आपल्याला देऊ केलेला वाटा गटानं जाहीर केला तेव्हा चाहते भडकले. वाद मिटेपर्यंत गाणी लावणार नाही असं टायडल या स्ट्रीमिंग सेवेनं सांगितलं आणि बेत बारगळला. २०२१ मध्ये रिझर्व्हॉइर मीडिया या संगीत कंपनीनं टॉमी बॉय विकत घेतली, गटाशी नव्यानं बोलणी केली आणि एकेक सॅम्पल मोकळं करायचं काम सुरू झालं.

३ मार्च २०२३ रोजी, म्हणजे बरोबर ३४ वर्षांनी, अल्बम सगळीकडे आला. त्याच्या १९ दिवस आधी, १२ फेब्रुवारीला, डेव्हिड जोलिकूर वारला होता. वय ५४.

मी बीट बनवतो. जुन्या मराठी गाण्याचे दहा सेकंद घेतले तर चालतं ना?

असा दहा सेकंदांचा नियम कायद्यात कुठेही नाही. कुणी सांगितला असेल तर त्याला कलम विचारा.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चालीचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे साठ वर्षं जुनी रेकॉर्ड मोकळी झाली असली, तरी तीमधली चाल अडकलेली असू शकते. परवानगी बहुधा दोन दारांवर मागावी लागते. अपवाद कायद्यात आहेत, पण त्यांच्या भरवशावर गाणं विकायला काढण्याआधी वकील गाठा.

डे ला सोलनं यावर शोधलेला तोडगा मला फार आवडतो. २०१६ च्या अल्बमसाठी त्यांनी किकस्टार्टर या वर्गणी जमवण्याच्या साइटवर चाहत्यांकडून ६ लाख डॉलरहून अधिक जमवले, वादकांना स्टुडिओत बसवून दोनशेहून अधिक तासांचं वादन रेकॉर्ड केलं आणि मग त्यातूनच सॅम्पल काढले. गोधडीसाठी आधी कापड स्वतः विणलं म्हणा ना.

तेव्हा लोकांनी कसा घेतला?

डोक्यावर. व्हिलेज व्हॉइस या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकानं घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात तो १९८९ चा पहिल्या क्रमांकाचा अल्बम ठरला. विक्रीच्या यादीत अमेरिकेत (बिलबोर्ड २००) २४ व्या, ब्रिटनमध्ये १३ व्या क्रमांकापर्यंत गेला.

दुसरा अल्बम कसा आहे?

१९९१ चा, नाव ‘डे ला सोल इज डेड’. मुखपृष्ठावर फुटलेली कुंडी, त्यात आडवी पडलेली डेझीची फुलं. वरच्या हिप्पी प्रश्नाचं त्यांचं उत्तर. काही जाणकार तो पहिल्यापेक्षा वरचढ मानतात. मी मानत नाही, पण त्यांच्याशी भांडायला जाणारही नाही.

सुरुवात कुठून करू?

घाई असेल तर ‘आय नो’, ‘द मॅजिक नंबर’, ‘ट्रेड वॉटर’, ‘से नो गो’, याच क्रमानं. ‘द मॅजिक नंबर’ तुम्ही कदाचित आधीच ऐकलेलं असेल. २०२१ च्या स्पायडरमॅनच्या सिनेमाच्या शेवटी नामावलीवर ते वाजतं.

सवड असेल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत, शफल बंद करून. क्विझ पुढे ढकलू नका. मोबाइलच्या स्पीकरवर नको. खालचा बास ऐकूच येत नाही आणि मग लोक मला येऊन सांगतात की यात काही विशेष नाही.